सर्व्हर बदलल्यावर जीमेलला काही मेल जातात, काही बाऊन्स होतात – माझा अनुभव

जालन्यात एका बियाणं कंपनीचा पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) मेल सर्व्हर नवीन व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) हलवला. बाकी सगळीकडं मेल नीट, फक्त जीमेलवाल्या डीलरांना एक मेल जायचा अन् दुसरा ५५० ५.७.१ (मेल नाकारल्याचा कोड) म्हणून परत यायचा. एसपीएफ (आपल्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची नोंद) तपासलं, डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) की नवीन केली, आयपी ब्लॅकलिस्टमधी आहे का तेबी बघितलं, काहीच निघंना. खरिपाच्या तोंडावर ऑर्डरी अडकल्या की लई जीवावर येतं.

उत्तर मेल लॉगमधीच होतं. परत आलेल्या प्रत्येक मेलच्या ओळीत रिलेपुढं (मेल ज्या सर्व्हरला दिला त्याच्यापुढं) आयपीव्ही६ चा (नव्या प्रकारच्या आयपीचा) लांबलचक पत्ता, गेलेल्यांपुढं आयपीव्ही४ (जुना प्रकार). नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ आपोआप मिळालेला पण त्याचा पीटीआर रेकॉर्डच (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही, अन् पीटीआर नसलेल्या आयपीव्ही६ वरून आलेला मेल जीमेल घेत नाही.

आधी मेन डॉट सीएफमधी (पोस्टफिक्सच्या सेटिंगची फाईल) इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४ करा (फाईलमधी अर्थातच इंग्रजीत). मग पोस्टफिक्स पूर्ण स्टॉप करून स्टार्ट करा, नुसत्या रीलोडनं हा बदल लागत नाही. लगेच एक टेस्ट मेल टाकून लॉगमधी रिलेपुढं आयपीव्ही४ आहे का बघा. ५५० वाले मेल क्यूमधी (पाठवायच्या रांगेत) राहत नसतेत, ते पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा.

आयपीव्ही६ पाहिजेच असंल तर होस्टिंगवाल्याकडून पीटीआर लावून घ्या, त्याच होस्टनेमला एएएए रेकॉर्ड (नावावरून आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद) द्या, एसपीएफमधी आयपी६ टाका, अन् मगच सेटिंग परत ऑल करा.