बँकेबद्दल कुजबुज सुरू झाली? ठेव हलवण्याआधी या चुका टाळा

संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाइलवर मेसेज येतो, "बँक बुडी ऱ्हायनी म्हने, पैसा काढी ल्या", आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आत रांग लागलेली असते. खान्देशात लोक असे घाबरतात त्याला कारण आहे. बीएचआर मल्टिस्टेट पतसंस्था जळगावचीच. तिथे २०१५ मध्ये अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला आणि ठेवीदारांचे हेलपाटे त्यानंतरही वर्षानुवर्षं सुरू राहिले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे समजण्यासारखं आहे. आपल्याकडे मात्र ताक फुंकतात आणि दूध पुन्हा तसंच पितात: विमा असलेल्या बँकेतून घाबरून पैसा काढतात आणि एक-दीड टक्का जादा व्याजासाठी दुसऱ्या पतसंस्थेत नेऊन ठेवतात.

पैसा नेमका कशात आहे, हेच न पाहणं

रांगेत उभं राहण्याआधी पासबुकाचं पहिलं पान उघडा आणि संस्थेचं पूर्ण नाव वाचा. राष्ट्रीयीकृत, खाजगी, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँका डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाच्या छत्राखाली येतात. पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी, निधी कंपनी आणि गावातली विकास सोसायटी येत नाहीत. काउंटर तसाच, पासबुक तसंच, मॅनेजर ओळखीचा, म्हणून फरक कळत नाही. शंका असेल तर महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, तिच्यात नाव शोधा. नाव नसेल तर बाकीचा हिशोब मांडायची गरजच नाही. आयुष्याची पुंजी तिथे ठेवू नये, कुजबुज असो वा नसो.

पाच लाखांचं गणित अर्धवट मांडणं

विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाची पाच लाख झाली, हे आता बहुतेकांना माहीत आहे. चुका होतात त्या पुढच्या बारकाव्यात.

ही मर्यादा पावतीमागे नाही, शाखेमागेही नाही. एका बँकेत एका माणसामागे आहे. जळगावच्या शाखेत तीन लाख, भुसावळला तीन आणि चाळीसगावला दोन ठेवले तरी बँक एकच असेल तर आठातले पाचच झाकले गेले. बचत, चालू, रिकरिंग, मुदत ठेव सगळं एकत्र धरतात. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर दुकानाचं चालू खातंही त्याच पाच लाखांत मोजलं जातं. भागीदारीचं खातं वेगळं. संयुक्त खातंही वैयक्तिक खात्यापासून वेगळं धरतात, आणि तिथे नावांचा क्रम बघतात. पहिलं नाव आबांचं, दुसरं आईचं ही एक ठेव. पहिलं आईचं, दुसरं आबांचं ही दुसरी. दोन्हींना स्वतंत्र पाच लाखांचं कवच मिळतं. म्हणून पावतीवर नावं कोणत्या क्रमाने छापली आहेत ते नीट बघा.

दुसरा बारकावा व्याजाचा. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. साडेसात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने चार लाख पाच वर्षांसाठी ठेवले तर मुदत संपताना ते पाच लाख ऐंशी हजारांच्या घरात जातात. वरचे ऐंशी हजार उघड्यावर.

आणि सहकारी बँकेचे शेअर्स म्हणजे ठेव नव्हे, त्यांना विमा नाही. त्याच बँकेचं कर्ज असेल तर थकबाकी वळती करून उरलेलंच हाती येतं.

सगळंच मोडणं

हिशोब मांडल्यावर बहुतेक घरांत असं दिसतं की हलवायची रक्कम आहे ती फक्त पाच लाखांच्या वरची. समजा, तीन लाखांची ठेव आठ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी होती आणि अकराव्या महिन्यात मोडली. बँक त्या अकरा महिन्यांना लागू असलेला दर देते, समजा साडेसहा, आणि वर एक टक्का दंड कापते. नुकसान सात हजारांच्या आसपास. बँकेत एकूण तेवढेच तीन लाख असतील तर हे सात हजार फुकट गेले, कारण ती रक्कम झाकलेलीच होती. पण एकूण तेरा लाख असतील तर वरचे आठ सोडवताना दंडाकडे बघत बसू नये.

अपवाद एकच. पैसा सुरक्षित असणं आणि वेळेला हातात असणं यांत फरक आहे. जूनमध्ये बियाणं-खतं घ्यायची आहेत किंवा मुलीचं लग्न ठरलंय, तर तेवढी रक्कम विम्यात बसत असली तरी आधीच दुसऱ्या बँकेत ठेवा. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येणार होते. येस बँकेत मार्च २०२० मध्ये मर्यादा पन्नास हजारांची होती आणि ती पंधरवड्याच्या आत उठली. येसच्या ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. बुडाले ते जादा व्याजासाठी त्या बँकेचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक संकटात आली की शून्य करता येणारे रोखे, घेतलेल्यांचे.

मेसेज वाचणं, अहवाल न वाचणं

वार्षिक सभेला लोक भेटवस्तू घेतात आणि अहवाल खुर्चीवर सोडून जातात. त्यात निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं, तीन वर्षांत कसा हलला ते दोन मिनिटांत सापडतं. तो सतत चढत असेल, त्यात बँक इतरांपेक्षा बरंच जादा व्याज देऊन ठेवी गोळा करत असेल, तर तेव्हाच हलवा. तेव्हा रांग नसते.

निर्बंध आल्यावर पावती विकणं

रिझर्व्ह बँकेचे निर्बंध म्हणजे परवाना रद्द नव्हे, हे त्या आदेशातच लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार निर्बंधांनंतर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची आहे: ४५ दिवसांत बँकेने यादी पाठवायची, उरलेल्या ४५ दिवसांत महामंडळाने पडताळून पैसे द्यायचे. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते. या काळात "निम्म्यात पावती घेतो" म्हणणारे घरी येतात. त्यांना चहा पाजा, पावती दाखवू नका. बँकेत विम्याची रक्कम घेण्याचं संमतीपत्र, केवायसीची कागदपत्रं आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर द्या, पोच घ्या. संमतीपत्रच दिलं नाही म्हणून नाव मागे पडतं आणि मग दोष नशिबाला दिला जातो.

पाच लाखांवरच्या रकमेला मात्र ९० दिवसांचा नियम नाही. पीएमसीचं जानेवारी २०२२ मध्ये विलीनीकरण झालं तेव्हा मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत बांधली गेली.

खातं पूर्ण बंद करायचंच ठरलं, तर आधी त्यातून काय काय जातं-येतं ते लिहून काढा: ट्रॅक्टरचा हप्ता, एलआयसी, वीजबिल, पेन्शन. पीएम-किसानचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आधार नव्या बँकेत जोडलं गेल्याची खात्री होईपर्यंत जुन्या खात्यात हजार-दोन हजार राहू द्या.