पूर यायच्या आधी घर सोडायचं का? सांगलीकरांनो, एवढं वाचा

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरवाल्यांनी या आकड्यांची वाट बघायची नाही, तुमच्याकडं पाणी त्याआधीच येतंय. कोयना धरणातनं किती पाणी सोडलंय ते रोज बघा, ते पाणी कराडला कृष्णेत मिळून आपल्यापर्यंत यायला बरेच तास लागतात, तेवढाच आपला टाइम. विसर्ग वाढलाय आणि वर पाऊस थांबेना, की निघायचं, उजेड असतानाच. 2005 च्या पुरात पाणी इथवर आलं नव्हतं म्हणून थांबलेले लोक 2019 ला अडकले, तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं. ब्रह्मनाळ गावात पुरातनं लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली ती त्याच पुरात, म्हणून शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, हात जोडून सांगतो.

म्हातारी माणसं, लेकरं आधी. कागदपत्रं, औषधं प्लास्टिकमध्ये बांधून सोबत घ्या, मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, जनावरं नेता येत नसतील तर दावं सोडा.

परत आल्यावर लगेच धुवायला घेऊ नका. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेलं कपाट, सगळ्याचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. आमच्या गादीच्या शिलाईतनं आठवडाभर गाळ निघत होता, शेवटी टाकलीच. वायरमननं तपासल्याशिवाय लाइट चालू नको, बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. सामान काठीनं हलवा, साप असतात. पाणी उकळूनच प्या आणि चिखलात राबल्यावर ताप आला तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातनं होणारा आजार) डॉक्टरांना विचारा, अंगावर काढू नका.