घडीचा चाकू: आधी धार, मग खोलणं

चाकू भाच्याने आणला. तो अमेरिकेत नोकरीला आहे. सुट्टीवर आला तेव्हा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मामा, तुम्ही फिटर माणूस, तुमच्याकडेच शोभेल." सेबेन्झा नावाचा घडीचा चाकू, २१ नंबरचं मॉडेल, त्यातला मोठा. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस रीव्ह यांनी काढलेल्या कारखान्यातला. तो कारखाना अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइझी गावी आहे. सेबेन्झा हा झुलू शब्द, अर्थ 'काम'. किंमत तेव्हा चारशे डॉलरच्या वर होती. शेजारच्या आप्पांना ती रुपयांत सांगितली तर ते म्हणाले, "इतला पैसासमा तं गोऱ्हा येई जाई!"

नावाचा अर्थच काम, म्हणून मी तो कपाटात ठेवला नाही. चोपड्याकडे शालकाची केळी आहे. काढणीच्या वेळी दोन दिवस तिकडे होतो. घडाच्या फण्या सोडवल्या, ठिबकच्या नळ्या कापल्या, पॅकिंगच्या पट्ट्या तोडल्या. अमळनेरला परतलो तेव्हा पातं गुळात रुतल्यासारखं चालत होतं आणि धार वांग्याच्या सालीवरून घसरत होती. केळीचा चीक वाळला की गोंद होतो, त्यात काळ्या मातीची धूळ बसली की झालीच पॉलिश पेपरची लेई.

भुसावळच्या लोको वर्कशॉपात फिटर म्हणून जन्म गेला, त्यामुळे पहिला विचार आला तो लगेच खोलायचा. पहिल्या वेळी तसंच केलं आणि चुकलो. खोलून, पुसून, ग्रीस लावून, जोडून झाल्यावर धार लावायला बसलो, तर दगडावरचा लोखंडी गाळ पाण्याबरोबर पुन्हा पिव्होटात, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं त्या सांध्यात गेला. दुसऱ्या दिवशी सगळं परत उघडलं. म्हणून माझा क्रम आता पक्का आहे: आधी धार, मग खोलणं, मग सफाई. जोडलेला असताना मूठही हातात घट्ट बसते, कोन हलत नाही.

या पात्याचं पोलाद एस-३५-व्हीएन. पावडर मेटलर्जीने, म्हणजे धातूची पूड दाबून-तापवून बनवलेलं, कार्बन साधारण १.४ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ३. त्या व्हॅनेडियमचे पोलादात बारीक बारीक कण होतात, व्हॅनेडियम कार्बाइडचे. ते साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. म्हणजे बाजारातल्या नेहमीच्या दगडावर तुम्ही कण न कापता त्यांच्या भोवतीचं पोलाद झिजवत बसता. धार येते, पण वेळ फार जातो आणि लवकर उतरते. म्हणून हिऱ्याची प्लेट, म्हणजे हिऱ्याचा चुरा बसवलेली पाटी घ्या. दोन पुरतात, एक ४०० ग्रिटची आणि एक १००० किंवा १२०० ची; आकडा मोठा तितकी प्लेट बारीक. नवी प्लेट सुरुवातीला जास्त खरखरीत लागते, तिच्यावर आधी घरची कात्री, विळीचं पातं घासून घ्या. आठवड्याभरात शांत होते.

आणि कृपा करून गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला असला चाकू देऊ नका. त्याचा राग नाही, माझ्या घरची विळी त्याच्याकडेच जाते. पण चाक कोरडं असतं. धारेची कड कागदाहून पातळ, क्षणात तापते, निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा उतरला. पुढे कितीही घासा, ती कड टिकत नाही.

कोनाचं सांगतो, कारण सगळे तिथेच अडतात. एका बाजूला २० अंश धरा. अंश डोळ्यांनी दिसत नाहीत, पण मिलिमीटर दिसतात. आयटीआयला साइन बार, म्हणजे उंचीवरून कोन काढायची पट्टी शिकवतात, तोच हिशेब: पात्याची रुंदी गुणिले ०.३४, तेवढी पाठ दगडापासून वर उचलायची. पंचवीस मिलिमीटर रुंद पात्याला साडेआठ मिलिमीटर. माझ्या पात्याची रुंदी व्हर्नियरने सत्तावीस निघाली, म्हणजे सव्वानऊच्या आतबाहेर. लाकडाची एक पाचर तेवढ्या उंचीची कापून घेतली, घासण्याआधी प्रत्येक वेळी पाठ तिच्यावर टेकवून कोन हाताला आठवून देतो. आणखी एक सोपा डाव: धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवा, दोन हात मारा, बघा. काळं फक्त कडेला पुसलं गेलं तर कोन जास्त, फक्त वरच्या बाजूला पुसलं गेलं तर कमी, सगळं पुसलं तर बरोबर.

प्लेट ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. पाण्याचे दोन थेंब. दगडावरून जणू साय कापायची आहे असं, धार पुढे ठेवून, मुठीकडून टोकापर्यंत. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ थोडी उचलावी लागते. दाब भाकरी थापताना बोटांना असतो तेवढाच. एका बाजूला घासत राहा. किती वेळा, असं विचारू नका. दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत. कानस मारल्यावर पत्र्याच्या कडेला जी खरखरीत कूस राहते ना, तीच. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवा, धारेच्या लांबीत कधीच नाही. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे अंगठ्याला ती अडली, की ही बाजू झाली. मग दुसरी बाजू, तोच कोन, तीच परीक्षा.

धार लावणाऱ्यांची अर्धी निराशा या बरमध्ये आहे. बर असते तेव्हा चाकू कागद सर्रकन कापतो, माणूस खूश होतो. दोन दिवसांनी बर तुटते आणि चाकू बोथट. बारीक प्लेटवर दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक हात, दाब कमी कमी करत, शेवटचे दहा तर नुसत्या पात्याच्या वजनाने. मग चामड्याचा पट्टा. पूर्वी न्हावी वस्तरा ज्या पट्ट्यावर ओढायचे तसा, मी चांभाराकडून कातड्याचा तुकडा आणून लाकडी पट्टीवर चिकटवला आहे, त्यावर एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट. इथे मात्र पाठ पुढे, धार मागे. उलटं केलंत तर चामडं कापाल. दहा-बारा वेळा पुरे.

परीक्षा लोक टोमॅटोवर घेतात. आपल्याकडे भरताचं हिरवं वांगं आहे, त्याची साल अधिक चिवट. नुसतं टेकवून ओढा, दाबू नका. साल उघडली तर धार लागली. मग त्या वांग्याचं काय करायचं ते मी सांगायला नको.

आता खोलणं. पात्याच्या धारेवर कागदी टेप लावा, दुहेरी. माझ्या अंगठ्यावर व्रण आहे तो धार लावताना झालेला नाही, खोलताना झाला.

जागा: पितळी किंवा स्टीलची मोठी परात, आत पांढरं फडकं. पंखा बंद. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, पंखा बंद करून बसणं म्हणजे तपश्चर्या, पण पहाटे करा. पहिल्या वेळी मी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो होतो. एक वायसर (पात्याच्या दोन्ही अंगांना असते ती पातळ चकती) ग्रीसने पात्याला चिकटून वर आला आणि कुठेतरी पडला. लोहचुंबक घेऊन तासभर शोधलं. मग डोक्यात प्रकाश पडला की वायसर फॉस्फर ब्राँझचा, मूठ टायटॅनियमची, चुंबकाला या दोन्हींशी देणंघेणं नाही. एकतीस वर्षं धातूत हात घातलेला माणूस, आणि हे आधी सुचू नये! वायसर शेवटी माझ्याच चपलेच्या तळाला चिकटलेला सापडला.

स्क्रू ॲलनचे आहेत, इंची मापाचे, त्याची की चाकूबरोबरच येते. तीच वापरा. घरातली मिलिमीटरची की जवळजवळ बसल्यासारखी वाटते, जोर लावला की आतले सहा कोन गोल होतात आणि मग ड्रिल मारण्यावाचून पर्याय राहत नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या चाकूंना बहुधा टॉर्क्स असतो, सहा पाकळ्यांचा तारा. त्यालाही स्वस्त बिट घालू नका. स्क्रू हलतच नसेल तर जोर नको, त्यात लॉकटाइट, म्हणजे आटे सुटू न देणारा गोंद असतो. डाख लावायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, लॉकटाइट मऊ पडतं, मग सहज फिरतो.

पातं अर्धवट उघडा, लॉकची, म्हणजे उघडं पातं अडवून धरणाऱ्या जिभेची बाजू खाली ठेवा. पिव्होट, पात्याला अडवणारी पिन आणि मागची आधाराची पिन, असे सगळे स्क्रू थोडे थोडे ढिले करा, मग एकेक काढा. प्रत्येक स्क्रू फडक्यावर त्याच्याच जागी, जसा चाकूत होता तसा नकाशा मांडायचा. मोबाइलने फोटो काढा, लाज वाटायचं कारण नाही. वरची पट्टी सरळ वर उचला, वाकडी केली तर पिनांवर अडकते. मग वरचा वायसर, पातं, बुश (पिव्होटावरची छोटी नळी), खालचा वायसर. वरचा वायसर वर आणि खालचा खालीच परत गेला पाहिजे, ते एकमेकांच्या जागी घासून बसलेले असतात.

लॉक म्हणजे वेगळा तुकडा नाही. मुठीच्या एका पट्टीलाच चीर देऊन तिची जीभ आत वळवली आहे, ती पात्याच्या बुडामागे येऊन बसते. ही कल्पना रीव्ह यांचीच. त्या जिभेला पक्कड लावू नका, वाकवून 'जरा घट्ट' करू नका.

चिकावर पाणी चालत नाही. आधी तेलाचा बोळा चोळून दहा मिनिटं ठेवा, चीक सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं तेल काढा. घरात उरलेलं हँड सॅनिटायझर यासाठी नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, चिकटपणा राहतो. बुशच्या आतून इअरबड फिरवा. वायसर घासू नका, नुसते पुसा. वाकला तर तो गेला.

वंगणाला खोबरेल, शेंगदाण्याचं तेल असलं काही नको. अमळनेरात १९४५ साली विप्रोची सुरुवात वनस्पती तुपाने झाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण खायचं तेल काही महिन्यांत चिकट होतं, चिकासारखंच. शिलाई मशीनचं तेल चालेल, उन्हाळ्यात पातळ होऊन पळतं एवढंच. मी बेअरिंगचं चांगलं ग्रीस वापरतो, दोन्ही वायसरवर मिळून बाजरीच्या दाण्याएवढं. जास्त लावलं की ते बाहेर येतं, धूळ पकडतं, आणि पुन्हा तीच घासणारी लेई तयार.

जोडताना उलट क्रम. अडचण एकाच ठिकाणी येते: लॉकची जीभ मोकळी होऊन आत आलेली असते, पातं खाली बसू देत नाही. ती अंगठ्याने हलकेच बाहेर रेटून धरा आणि पातं सरळ खाली सोडा. वायसर जिभेखाली चिमटला का, बघा. वरची पट्टी स्वतःच्या वजनाने बसली पाहिजे. दाबावी लागत असेल तर काहीतरी चुकलंय, परत उघडा.

स्क्रू आधी सगळे बोटाने, मग आळीपाळीने थोडे थोडे, इंजिनाचं हेड आवळतात तसे. लॉकटाइट लावायचंच तर हलकं, जांभळं २२२, सुईच्या टोकाएवढं, आट्यांवर. ते बुशवर ओघळलं तर चाकू दगड होईल. या मोठ्या सेबेन्झात बुश आहे, त्याची लांबी पातं आणि दोन वायसर मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा केसभर जास्त. म्हणून पिव्होट पूर्ण आवळला तरी पट्ट्या बुशवर टेकतात, पात्यावर नाही. पूर्ण आवळा, हात थांबेपर्यंत. ज्या चाकूत बुश नाही त्याला हे चालत नाही. तिथे स्क्रू आठवा हिस्सा फेरा आवळायचा, पातं डावी-उजवीकडे हलवून बघायचं, खेळ संपला आणि चाल मोकळी राहिली की तिथेच थांबायचं.

टेप काढा, दहा-पंधरा वेळा हळू उघड-बंद करा, बाहेर आलेलं ग्रीस पुसा. उघडल्यावर लॉकची जीभ पात्याच्या बुडाला पूर्ण भिडते का, उजेडात धरून बघा. पाठीवर उलटं ठोकून लॉक तपासणारे आहेत, ती परीक्षा लॉक बिघडवण्याची आहे. नुसता अंगठ्याने पाठ दाबून बघा, जीभ सरकली नाही म्हणजे ठीक.

आप्पा हे सगळं ओट्यावर बसून बघत होते. शेवटी चाकू हातात घेतला, उघडला, बंद केला आणि खिशातली सुपारी काढून त्यावर धरली. मी हात जोडले. सुपारीला अडकित्ता आहे.