मोठा फिश टँक घेताय? काच की ॲक्रिलिक, असं ठरवा

चार फुटांपर्यंतचा टँक असेल तर फार विचार करू नका, सरळ काच घ्या. प्रश्न पडतो तो पाच-सहा फुटांच्या पुढे, आणि तिथे जो तो एकच सांगतो की ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) हलकं असतं नि फुटत नाही, काच जड असते नि फुटते. हे अर्धंच खरं आहे.

आधी वजनाचं बघू. पाण्याची घनता 1 धरली तर काचेची साधारण 2.5 आणि ॲक्रिलिकची 1.19, म्हणजे सारख्या जाडीत ॲक्रिलिक निम्म्याहून हलकं. पण सारखी जाडी चालतच नाही ना! काच ताठ असते, ॲक्रिलिक तिच्यापेक्षा वीसेक पट जास्त वाकतं, म्हणून ते जाड घ्यावं लागतं आणि वरून पट्ट्यांची चौकटही लागते. 6×2×2 फुटांचा टँक 12 एमएम काचेत रिकामा सव्वाशे किलोच्या आसपास जातो, 19 एमएम ॲक्रिलिकमध्ये चौकट धरून शंभरच्या आसपास. आणि त्यात पाणी बसतं 680 लिटर, म्हणजे 680 किलो, वर वाळू आणि दगड वेगळे. तेव्हा स्टँडला आणि जमिनीला ह्या फरकाचं काहीच वाटत नाही, फरक पडतो तो फक्त टँक घरात नेताना. म्हणून पहिलं काम म्हणजे टेप घेऊन जिना, दरवाजा, पॅसेजचं वळण मोजून काढा. टँक सहा फुटांच्या वर असेल, जिना अरुंद असेल, उचलायला माणसं कमी असतील तर ॲक्रिलिकचा विचार करा. नाहीतर काचेच्या शीट आणून टँक जागेवरच जोडून घेता येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

दुसरं म्हणजे उंची. लोक लिटरवरून जाडी ठरवतात पण दाब असतो पाण्याच्या उंचीचा. वरच्याच टँकमध्ये समोरच्या पॅनेलवर जवळपास 340 किलोचा जोर असतो, उंची 2 ची 3 फूट केली की तोच 765 किलोच्या घरात जातो. दीडपट उंचीला सव्वादोन पट जोर! त्यामुळे शक्य असेल तर टँक लांब-रुंद करा, उंच करू नका. हात तळापर्यंत पोचतो, माशांना पोहायला जागा मिळते आणि काचेतच भागतं.

आता फुटण्याचं. ठोकर बसली तर ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी जास्त सहन करतं हे खरंच आहे, घरात लहान मुलं असतील तर हा मुद्दा मोठा आहे. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी ॲक्वेरियममध्ये व्हेल शार्कच्या टँकचं पॅनेल 22.5 मीटर लांब, 8.2 मीटर उंच आणि तब्बल 60 सेंटिमीटर जाड आहे आणि ते ॲक्रिलिकचंच आहे, एवढ्या आकारात काच शक्यच नाही. पण डिसेंबर 2022 मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलातला दहा लाख लिटरचा ॲक्रिलिकचा गोल टँक अचानक फुटला, आतले जवळपास सगळे मासे गेले, मला त्या बातमीने फार वाईट वाटलं होतं. तेव्हा ‘ॲक्रिलिक म्हणजे फुटतच नाही’ असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आणि आता ओरखडे, कारण रोज बघायचं आहे ते त्या पॅनेलमधूनच. माझ्या पहिल्या ॲक्रिलिक टँकमध्ये दुसऱ्याच महिन्यात मॅग्नेट क्लीनरमध्ये (आतबाहेर चुंबकाने चिकटणारी पुसणी) वाळूचा एक कण अडकला आणि बरोबर डोळ्यांच्या उंचीवर हातभर लांब ओरखडा पडला, लाइट लागला की नजर आधी तिथेच जायची, मासे नंतर दिसायचे. ॲक्रिलिकचं एक बरं की बारीक ओरखडे ओल्या पॉलिश पेपरने घासून काढता येतात आणि आतल्या बाजूचे पाण्यात थोडे लपतातही, काचेवर मात्र पडला की पडला. पण काचेवर पडतो क्वचित. शेवाळ घट्ट बसलं तर काचेवर ब्लेड चालतं, ॲक्रिलिकवर फक्त प्लास्टिकचं कार्ड आणि मऊ कापड, आणि अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे तर अजिबात नको, त्याने बारीक तडे जातात. खाऱ्या पाण्याचा टँक असेल, दगडासारखं कडक गुलाबी शेवाळ येणार असेल किंवा समुद्री अर्चिन ठेवायचे असतील (ते खरवडून खातात) तर माझं मत सरळ काच.

काचेचा हिरवट रंग खटकत असेल तर फक्त समोरचं पॅनेल लो-आयर्न (लोहाचं प्रमाण कमी असलेल्या, जवळपास रंगहीन) काचेचं घ्या, बाकी तीन बाजू साध्या चालतात. सम्पसाठी (टँकखालची फिल्टरची टाकी) भोक पाडायचं असेल तर काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना ते आधी विचारा, टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. ॲक्रिलिक घेत असाल तर सेल-कास्ट (साच्यात ओतून बनवलेली) शीटच मागा, आणि स्टँडवर खाली सपाट प्लायचा पूर्ण आधार द्या, नुसत्या कडांवर ठेवून चालत नाही.

टँक कुठलाही असो, लेव्हल लावून जागेवर ठेवा, टप्प्याटप्प्याने साध्या पाण्याने भरा आणि दोन-तीन दिवस तसाच सोडा. समोरच्या बाजूला सरळ पट्टी लावून मधला फुगवटा रोज मोजा. ॲक्रिलिकला थोडा येणारच, पण रोज वाढत असेल किंवा जोडावर ओलसरपणा दिसला तर पाणी काढा आणि बनवणाऱ्याला बोलवा, वाळू आणि मासे टाकायच्या आधी.