वायफाय लॉगिनचं पाकीट बोटांवर मोजून कसं वाचायचं

मे महिन्यात जळगावच्या एका होस्टेलमधून फोन, काय भो, पासवर्ड बरोबर आहे तरी वायफाय घेत नाही. अशा टायमाला ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) रिस्टार्ट करत बसू नका, वायरशार्क लावा, म्हणजे नेटवर्कवरची पाकिटं (डेटाचे तुकडे) पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर.

मोबाईल ते ॲक्सेस पॉइंट ईएपी (लॉगिनची बोलणी करणारा प्रोटोकॉल) चालतं, मग ॲक्सेस पॉइंट तेच पाकीट रेडियसमध्ये (ॲक्सेस पॉइंट आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर यांच्यातला प्रोटोकॉल) भरून यूडीपी पोर्ट १८१२ वर सर्व्हरकडे पाठवतो. रावेरच्या केळीसारखं, बागेतून ट्रॅक्टरवर निघालेला घड पुढे ट्रकात चढतो, पण घड तोच.

ईएपीत पहिला बाईट कोड (१ रिक्वेस्ट, २ रिस्पॉन्स, ३ सक्सेस, ४ फेल्युअर), मग आयडेंटिफायर, मग दोन बाईट लेंग्थ, मग टाइप. युजरनेम 'भाऊ', इंग्रजी चार अक्षरात, असेल तर कच्चे बाईट, हेक्स आकड्यांत (सोळाच्या पाढ्यातले), असे:

०२ ०१ ०० ०९ ०१ ६२ ६८ ६१ ७५

०२ रिस्पॉन्स, ०० ०९ म्हणजे एकूण नऊ बाईट, नंतरचा ०१ म्हणजे आयडेंटिटी, शेवटचे चार म्हणजे आपला भाऊ. मोजा, नऊच भरतात.

रेडियसचं हेडर २० बाईटचं: कोड १, आयडेंटिफायर १, लेंग्थ २, ऑथेंटिकेटर १६. मागे ॲट्रिब्यूटची (माहितीचे कप्पे, प्रत्येकात टाइप, लेंग्थ आणि व्हॅल्यू) रांग, आणि नवीन पोरं इथंच हमखास गंडतात, कारण ॲट्रिब्यूटच्या लेंग्थमध्ये टाइपचा आणि लेंग्थचा स्वतःचा बाईटपण धरायचा असतो. म्हणून भाऊसाठी ०१ ०६ ६२ ६८ ६१ ७५ (इथं ०१ म्हणजे युजरनेम), लेंग्थ चार नाही, सहा. ही लेंग्थ एकाच बाईटची, त्यामुळे व्हॅल्यू २५३ च्या वर जात नाही आणि सर्टिफिकेटवालं मोठं ईएपी तुकडे होऊन ७९ नंबरच्या ॲट्रिब्यूटमध्ये येतं, ते तुकडे ओळीनं जोडून मगच वाचायचं.

आता रेडियसचा कोड बघा, ईएपीचा नाही, दोघांचे आकडे वेगळे. ३ आला तर सर्व्हरनं नाकारलं, युजर-पासवर्ड तपासा. ११ म्हणजे चॅलेंज, काम चालू आहे, थांबा. आणि तोच १ (रिक्वेस्ट) तोच आयडेंटिफायर घेऊन परत परत जातोय, उत्तर काहीच नाही? मग फायरवॉल बघा, सर्व्हरवर क्लायंटचा (म्हणजे ॲक्सेस पॉइंटचा) आयपी बघा आणि शेअर्ड सिक्रेट (ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर दोघांकडे एकच असलेला गुप्त शब्द) बघा. सिक्रेट चुकलं की ८० नंबरचं ॲट्रिब्यूट, मेसेज-ऑथेंटिकेटर (सिक्रेटवरून काढलेली पाकिटाची सही), जुळत नाही आणि सर्व्हर पाकीट गुपचूप फेकून देतो, रिजेक्टसुद्धा पाठवत नाही.

होस्टेलमध्ये हेच झालेलं, सिक्रेट व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना मागं एक स्पेस आली होती. ती खोडली, लगेच ११, ११, ११ आणि मग २, म्हणजे मंजूर. पोरगं म्हणे, भाऊ, रेंज वाढवली का?