१९६८च्या अमेरिकी निवडणुकीचा नकाशा कसा वाचावा

आधी रंगांचा हिशेब सोडा. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट ही पद्धत २०००च्या निवडणुकीनंतर रुळली. १९८०मध्ये एनबीसी या दूरचित्रवाहिनीने रिपब्लिकन उमेदवार रेगन यांची राज्ये निळी दाखवली होती. म्हणून जुन्या नकाशाची रंगसूची प्रथम पाहा.

मग मतांची टक्केवारी आणि इलेक्टोरल मते (लोकसंख्येनुसार राज्याला मिळणारी, बहुधा सगळी तिथल्या विजेत्याला जाणारी मते; अध्यक्ष त्यांवर ठरतो) शेजारी मांडा. रिपब्लिकन निक्सन ४३.४ टक्के, ३०१; डेमोक्रॅट हम्फ्री ४२.७ टक्के, १९१; तिसरे उमेदवार, वर्णभेदाचे समर्थक वॉलेस १३.५ टक्के, ४६. एकूण ५३८, बहुमताला २७०. एका टक्क्याहून कमी फरकाचे इथे ११० मतांचे अंतर होते. रंगवलेला भूभाग पाहून लाट होती असे ठरवाल तर फसाल.

सर्वाधिक वेळ वॉलेस यांच्या पट्ट्याला द्या. त्या काळचा वर्णसंघर्ष तिथेच उघड दिसतो. त्यांनी जिंकलेल्या राज्यांची इलेक्टोरल मते: अलाबामा १०, जॉर्जिया १२, मिसिसिपी ७, लुइझियाना १०, आर्कान्सा ६. बेरीज ४५ येते. उरलेले एक मत नॉर्थ कॅरोलायनातले; निक्सन यांच्या बाजूने निवडून आलेल्या इलेक्टरने (राज्याचे इलेक्टोरल मत देणाऱ्या प्रतिनिधीने) ते वॉलेसना दिले.

आता १९६४चा निकाल काढा. वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या त्या वर्षी रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी सहाच राज्ये जिंकली: स्वतःचे ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच. त्यांपैकी चार १९६८मध्ये वॉलेसकडे गेली. साउथ कॅरोलायना मात्र निक्सनना मिळाले. तिथले सिनेटर थर्मंड १९६४मध्येच रिपब्लिकन झाले होते आणि निक्सन यांच्या पाठीशी उभे होते.

१९७२शी तुलना करताना इलेक्टोरल मते तशीच धरू नका. १९७०च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्निया ४०वरून ४५वर गेले, न्यूयॉर्क ४३वरून ४१वर आले.