जुन्या रॅलेची किंमत ठरवायची कशी

आजोबांची सायकल माळ्यावरून खाली आली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, अँटिक आहे, लाखाला जाईल. नाही जात. काळी, उंच, रॉड ब्रेकवाली सायकल आपल्याकडे गल्लोगल्ली होती, त्यामुळे नुसती जुनी म्हणून कुणी पैसे देत नाही. शौकीन माणूस दोनच गोष्टींचे पैसे मोजतो, सगळे पार्ट एका घरचे आहेत का आणि रंग कंपनीतून आला तोच आहे का. खाली रॅलेचं, म्हणजे त्या नावाच्या इंग्लिश कंपनीच्या सायकलींचं, उदाहरण घेतलंय कारण माझ्या हातून जास्त त्याच गेल्यात.

आधी एक, सायकल धुऊ नका. पॉलिश पेपर तर लांबच ठेवा. रॉकेलचा फडका फिरवा, बास.

मग पुढच्या नळीवरचा बिल्ला वाचा. बगळा दिसला की रॅले, पण नॉटिंगहॅमची की आसनसोलची हे बघायचं, कारण स्वातंत्र्यानंतर सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला झाला. तसंच हर्क्युलिसचं, एक बर्मिंगहॅमची आणि एक मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय कंपनीने बनवलेली. देशी सायकल वाईट नसते, मी स्वतः रोज सेन-रॅलेच चालवतो, पण संग्राहक दोन्हींना एक भाव देत नाही.

आता खरी मेख. बिल्ला म्हणजे पुरावा नव्हे. हे शिकायला मला चौदा हजार लागले. एका विक्रेत्याकडे चकाचक रॅले उभी होती, पितळी बिल्ला, सोनेरी रेघा, मागे थ्री स्पीड गिअर, आणि मी दहा मिनिटांत पैसे देऊन मोकळा. घरी आणून चेनकव्हर काढलं तर आतल्या चक्रात बगळे नाहीत, पाच माणसं पळतायत! म्हणजे चक्र हंबर या दुसऱ्या इंग्लिश कंपनीचं. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी कापलेली असतात, रज नावाच्या तिसऱ्या कंपनीच्या चक्रात हाताचा पंजा, हंबरच्यात ही पळणारी माणसं. रॅलेने १९३२ मध्ये हंबर घेतली आणि १९४३ मध्ये रज, त्यामुळे दुकानदार सांगतात 'सगळं एकच हो साहेब'. एकच नाही. गिऱ्हाईक त्याच चक्रावर बोट ठेवून किंमत पाडतं.

म्हणून क्रम असा ठेवा. बिल्ला बघितला की लगेच चक्र, मग चिमट्याचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचं, डोकं. रॅलेच्या चिमट्याला वर दोन गोल नळीसारखे खांदे असतात आणि त्यावर चकचकीत टोप्या, एकदा बघितलं की रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतं. माझ्या त्या सायकलला सपाट डोक्याचा चिमटा होता आणि मी त्याच्यासमोर उभा राहून घंटी वाजवून बघत होतो.

थ्री स्पीड असेल तर मागच्या हबवरची, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावरची, घाण नखाने काढा. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या हबवर मॉडेलच्या अक्षरांशेजारी साल आणि महिना ठोकलेला असतो, उदाहरणार्थ एडब्ल्यू, ५७, ६ म्हणजे जून १९५७. एडब्ल्यू मॉडेल आलंच १९३६ ला, त्यामुळे एडब्ल्यू हब लावलेली सायकल कुणी 'पंचवीस सालची' म्हणाला तर चहा पिऊन निघा. पण लक्षात ठेवा, तारीख हबची आहे, सायकलची नाही. चाक बदललेलं असू शकतं. हब, चक्र, चिमटा आणि बिल्ला चौघं एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवायचा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे, गंजके डाग असलेला मूळ रंग हा नव्या पावडर कोटिंगपेक्षा कधीही महाग. पावडरचा थर जाड, त्याखाली जोडाच्या कडा बुजतात आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तरी दिसत नाही. रुमालात लोहचुंबक गुंडाळून नळीवरून फिरवा, जिथे पकड सुटते तिथे लांबी. आणि रेघा खऱ्या की नव्या हे बघायला मडगार्डच्या पट्टीखाली, चेनकव्हरच्या मागे, जिथे रंगवणारा आळस करतो तिथे बघा. फक्त एक अपवाद, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतल्या इंग्लिश सायकलींना क्रोमऐवजी हँडल आणि रिमसुद्धा काळ्या रंगवलेल्या यायच्या. तो काळा रंग बघून 'कुणीतरी फासलंय' म्हणत खरवडू नका. असं खरवडलेलं मी बघितलंय, जीव हळहळला.

फ्रेम सरळ आहे का ते मागून एका डोळ्याने बघा. पुढच्या नळीजवळ खालून रंगाला सुरकुत्या म्हणजे धडक बसलेली, सोडून द्या.

पायडलच्या दांड्या जिथे फिरतात तिथला बेअरिंगचा कप ढिला असेल तर सावध. रॅलेचे आटे इंचाला २६, बाकीच्या इंग्लिश सायकलींचे २४, आणि आपले मिस्त्री दुसरा कप हातोड्याने बसवतात. एकदा आटे गेले की दुरुस्ती होते पण भाव खाली येतो तो येतोच.

ब्रुक्सची कातडी सीट, लुकासचा दिवा, मूळ पंप, हे सगळं वेगळं मोजा. फाटलेली असली तरी मूळ सीट काढून फेकू नका, पिशवीत घालून सोबत द्या. नगरपालिकेचा सायकल-कराचा जुना बिल्ला अजून लटकत असेल तर तोही राहू द्या, आमच्याकडच्या लोकांना त्याचं फार कौतुक असतं.

शेवटी आकडा. इंटरनेटवर लोक जे मागतात त्याला किंमत म्हणत नाहीत, विकली गेली तेव्हा काय मिळाले ते विचारा. मी उलटा हिशोब करतो, तशीच पूर्ण सायकल कितीला गेली ते घ्यायचं, मग चुकीचं चक्र, चुकीचा चिमटा, नवा रंग, एकेक वजा करत जायचं. वजा करताना पार्टचा भाव नाही धरायचा, तो शोधायला लागणारे महिने धरायचे, कारण रॅलेचा तो टोप्यांचा चिमटा मिळायला मला दोन पावसाळे गेले आणि मिळाला तोही जरा वाकलेलाच.